क्विझनेर कांड्या : विभाजक शोधण्याच्या कामी कितपत उपयोगी?

क्विझनेर कांड्यांच्या संचाविषयी जे लिहिले जाते ते बहुधा बेरीज-वजाबाकीच्या अंगाने लिहिलेले असते. या परीक्षणात मात्र मी त्या संचाकडे एकाच कामाच्या दृष्टीने पाहणार आहे आणि ते काम म्हणजे पूर्ण संख्येचे विभाजक शोधणे. पाढे तोंडपाठ असलेल्या मुलालाही ‘१८ चे सगळे विभाजक सांग’ म्हटले की ते अडखळते, कारण पाढा त्याला ३ पासून १८ पर्यंत नेतो, पण १८ वर उभे राहून ही संख्या कोणकोणत्या पाढ्यांत येते हे उलट दिशेने शोधण्याची सवय नुसत्या पाठांतराने लागत नाही. ती सवय वस्तू सारख्या वाटणे आणि वस्तूंचे सारखे गट करणे या दोन रोजच्या कृतींतून लागते, म्हणून या साधनाची पारखही त्याच दोन कृतींवर व्हायला हवी. माझे मत आधीच सांगून टाकतो : गट पाडून दाखवण्यात या कांड्यांना तोड नाही, वाटणी दाखवण्यात मात्र त्या स्वतःहून फारशी मदत करत नाहीत, आणि संच वापरणाऱ्या मोठ्या माणसाने ही उणीव भरून काढली नाही तर निम्मा विषय शिकवायचा राहून जातो.

ज्यांनी हा संच पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात वर्णन करतो. प्रत्येक कांडीचा छेद १ सेंमी बाजूचा चौरस असतो आणि लांबी १ सेंमीपासून १० सेंमीपर्यंत असते. प्रत्येक लांबीला एक ठरलेला रंग आहे : १ पांढरी, २ लाल, ३ फिकट हिरवी, ४ जांभळी, ५ पिवळी, ६ गडद हिरवी, ७ काळी, ८ तपकिरी, ९ निळी आणि १० नारिंगी. बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी या कांड्या आपल्या वर्गासाठी तयार केल्या आणि १९५० च्या दशकात गणितशिक्षणतज्ज्ञ कॅलेब गॅटेग्नो यांनी त्यांचा प्रसार अनेक देशांत केला. आज त्या लाकडात आणि प्लॅस्टिकमध्ये अनेक उत्पादकांकडून मिळतात. कांडीवर आकडा छापलेला नसतो आणि सेंटिमीटरच्या खुणाही नसतात, ही गोष्ट आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. मॉन्टेसरी पद्धतीतील संख्यादांड्यांवर लाल आणि निळे पट्टे आळीपाळीने असतात, त्यामुळे मूल ते पट्टे मोजते. इथे मोजायला काहीच नसल्यामुळे मुलाला एक कांडी दुसरीशेजारी ठेवून मापून पाहावे लागते. विभाजकाच्या कल्पनेत हे मापणेच अभिप्रेत आहे. काही उत्पादक कांड्यांवर खाचा पाडून देतात किंवा त्या एकमेकींत अडकतील अशा बनवतात. विभाजकांसाठी संच घेत असाल तर साध्या, खुणा नसलेल्या कांड्याच घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खाच दिसली की मूल पुन्हा एक-एक मोजण्याकडे वळते.

प्रत्यक्ष कृती अगदी सोपी आहे. १२ ही संख्या एक नारिंगी आणि एक लाल कांडी टोकाला टोक लावून मांडायची आणि तिच्या खाली एकाच रंगाच्या कांड्यांची तेवढ्याच लांबीची ओळ, म्हणजे ‘गाडी’, करता येते का हे पाहायचे. बारा पांढऱ्या, सहा लाल, चार फिकट हिरव्या, तीन जांभळ्या आणि दोन गडद हिरव्या कांड्यांच्या गाड्या बरोबर त्याच रेषेवर संपतात. पिवळ्या दोन लावल्या की दोन सेंटिमीटरची फट उरते आणि तिसरी लावली की गाडी पुढे जाते. भाग निःशेष जाणे म्हणजे काय हे शब्दांत समजावताना जी दमछाक होते ती येथे होत नाही, कारण ‘निःशेष’ हे डोळ्यांना दिसते आणि बोटालाही कळते. ‘जात नाही’ हे उत्तरसुद्धा तितकेच स्पष्ट मिळते, याचे महत्त्व मला अधिक वाटते. १४ च्या खाली फिकट हिरव्या चार कांड्या लावल्यावर उरलेल्या फटीत लाल कांडी चपखल बसते, म्हणजे बाकी २ आहे हे मुलाला स्वतःच्या हाताने सापडते. वहीतल्या भागाकारात बाकी हा शेवटी लिहायचा एक आकडा असतो. इथे ती मोकळी राहिलेली जागा आहे आणि ती कशी भरायची हा प्रश्न मूल आपणहून विचारते.

मात्र गाडीच्या पद्धतीत एक दोष दडलेला आहे आणि तो वेळीच लक्षात आणून द्यावा लागतो. संचात १० पेक्षा लांब कांडी नाही, त्यामुळे २२ घेतले तर फक्त पांढऱ्या आणि लाल कांड्यांच्या गाड्या पूर्ण होतात आणि मूल ‘२२ चे विभाजक १ आणि २’ एवढेच सांगून मोकळे होते. ११ आणि २२ राहून जातात. यावर उपाय असा की गाडी जुळली की तिथे थांबायचे नाही. तिच्यात किती कांड्या लागल्या हेही दर वेळी मोजायचे आणि दोन्ही संख्या जोडीने लिहायच्या. लाल कांड्या अकरा लागल्या म्हणजे २ सोबत ११ आला, पांढऱ्या बावीस लागल्या म्हणजे १ सोबत २२ आला. कांडीची लांबी हा एक विभाजक आणि कांड्यांची संख्या हा त्याचा जोडीदार, हे सूत्र पहिल्या दिवसापासून वापरात असेल तर १० ची मर्यादा फारशी आड येत नाही. संचासोबत मिळालेल्या पुस्तिकेत गाड्यांची चित्रे भरपूर होती, पण जोडीदार लिहून ठेवण्याची सूचना कुठेही नव्हती, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

आता वाटणीकडे येऊ. ‘२० पुस्तके ४ जणांना सारखी वाटायची आहेत, प्रत्येकाला किती येतील?’ हा प्रश्न आणि ‘२० पुस्तकांचे ४-४ चे गठ्ठे बांधायचे आहेत, किती गठ्ठे होतील?’ हा प्रश्न, दोन्हींचे उत्तर ५ येते, पण हातांनी होणारी कृती वेगळी असते. पहिल्यात गट किती हे ठाऊक असते आणि प्रत्येक गटात किती हे शोधायचे असते. दुसऱ्यात नेमके उलट. दैनंदिन आयुष्यात मुलाला पहिली कृती आधी येते. दोन भावंडांत खडू वाटणारे मूल ‘एक तुला, एक मला’ असेच वाटते, त्याला आधी गठ्ठे बांधण्याची गरज पडत नाही. क्विझनेर कांडी मात्र जन्मतःच गठ्ठा आहे. जांभळी कांडी हातात घेताक्षणी चारचा गट तयार झालेला असतो. तो कुणाला एक-एक करून देता येत नाही. त्यामुळे नुसत्या कांड्यांवर शिकलेले मूल ‘२० मध्ये ४ किती वेळा’ हा प्रश्न सफाईने सोडवते, पण ‘२० वस्तू ४ जणांत’ म्हटले की कोणत्या रंगाची कांडी उचलावी हेच त्याला कळत नाही, कारण ती कांडी उचलायला त्याला उत्तर आधीच माहीत असावे लागते. हा दोष मुलाचा नाही, साधनाचा आहे.

सुदैवाने तोच संच थोड्या वेगळ्या रीतीने वापरून ही दरी बुजवता येते, आणि ही कृती मला या साऱ्या प्रकारातील सर्वांत मोलाची वाटते. वीस पांढऱ्या कांड्या घ्याव्यात आणि कागदावर शेजारी-शेजारी चार जागा आखाव्यात. प्रत्येक जागी एक याप्रमाणे पहिली फेरी वाटावी, मग तिच्या खाली चिकटून दुसरी, असे वीस संपेपर्यंत वाटत जावे. पाच फेऱ्या होतात आणि चार रुंद, पाच उंच असा भरीव आयत तयार होतो. आता एकेका फेरीवर, म्हणजे आडव्या ओळीवर, एक जांभळी कांडी ठेवून पाहावी. ती बरोबर बसते, कारण चार जणांना वाटताना प्रत्येक फेरीत चार वस्तू खर्च होतात. वाटणीची एक फेरी म्हणजे चारचा एक गट, हे एकदा दिसले की वाटणी आणि गट या दोन वेगळ्या गोष्टी एकच उत्तर का देतात याचे कोडे सुटते. मग जांभळ्या कांड्या उचलून त्याच आयताच्या उभ्या रांगांवर पिवळ्या ठेवाव्यात. चार पिवळ्या बसतात आणि प्रत्येक पिवळी म्हणजे एकेकाच्या वाट्याला आलेली पाच पुस्तके. एकाच मांडणीत ४ आणि ५ हे दोन्ही विभाजक, एक फेऱ्यांच्या बाजूने आणि दुसरा वाट्याच्या बाजूने, समोर येतात. हे सगळे करायला पांढऱ्या कांड्या पुरेशा हव्यात. त्या नसतील तर सारख्या आकाराची बटणे किंवा खडे वाटणीसाठी चालतील, पण त्यांच्यावर रंगीत कांडी नेमकी बसणार नाही आणि कृतीचा उत्तरार्ध साधणार नाही.

येथून आयताची पद्धत आपोआप पुढे येते. एका रंगाच्या कांड्या टोकाला टोक न लावता शेजारी-शेजारी ठेवायच्या. तीन पिवळ्या कांड्यांचा ५ बाय ३ चा आयत होतो. त्यावर आडव्या पाच फिकट हिरव्या ठेवल्या तर तो संपूर्ण झाकला जातो. गाडीत विभाजक एकेकटे भेटतात, आयतात ते जोडीने भेटतात, त्यामुळे जोडीदार लिहून ठेवण्याची आठवण वेगळी करून द्यावी लागत नाही. खुर्च्यांच्या सारख्या रांगा लावणे किंवा खेळाडूंचे सारखे संघ पाडणे हे प्रश्नही मूल या आयतावरून बोलू लागते. १८ खुर्च्या ४-४ च्या रांगांत का बसत नाहीत याचे उत्तर दोन खुर्च्या पुरतील एवढ्या तुटक्या शेवटच्या रांगेत दिसते.

आयताचा आणखी एक फायदा म्हणजे शोध कुठे थांबवावा हे कळते. १८ साठी पांढऱ्या अठरा, लाल नऊ, फिकट हिरव्या सहा, असे पुढे जात राहिले की ४ आणि ५ जुळत नाहीत आणि मग गडद हिरव्या तीन कांड्यांचा आयत येतो. तो वळवून पाहिला तर आधीचाच फिकट हिरव्या सहा कांड्यांचा आयत आहे. कांडीची लांबी कांड्यांच्या संख्येपेक्षा मोठी झाली की पुढे नवे काही हाती लागत नाही, फक्त जुन्या जोड्या उलट्या होऊन येतात. पुढे वर्गमुळाशी जोडून शिकवला जाणारा थांबण्याचा नियम हाच आहे, पण येथे तो आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही सापडू शकतो. १६ च्या बाबतीत चार जांभळ्यांचा आयत वळवला तरी तसाच राहतो, ४ चा जोडीदार ४ च असतो, म्हणून १६ च्या विभाजकांची संख्या पाच, म्हणजे विषम, येते. वर्गसंख्यांखेरीज कोणत्याही संख्येचे विभाजक विषम संख्येत नसतात, हे मुलाला सांगून टाकण्यापेक्षा ९, १६, १५, २० अशा संख्या देऊन त्याच्याकडूनच काढून घ्यावे.

मूळ संख्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. १३ घेतले की पांढऱ्यांखेरीज एकही गाडी जुळत नाही आणि आयत करायला गेले तर एका रांगेशिवाय काही होत नाही. मुलांना हे लगेच समजते आणि ती अशा संख्या शोधण्याच्या मागे लागतात.

संच विकत घेणाऱ्याने सर्वांत बारकाईने पाहावी अशी गोष्ट म्हणजे कांड्यांची संख्या, आणि बहुतेक जण नेमकी तीच पाहत नाहीत. सर्रास मिळणाऱ्या लहान संचात ७४ कांड्या असतात : पांढऱ्या २२, लाल १२, फिकट हिरव्या १०, जांभळ्या ६ आणि उरलेल्या सहा रंगांच्या प्रत्येकी ४. बेरीज-वजाबाकीला हे भरपूर आहे, विभाजकांना मात्र लवकर अपुरे पडते. २४ ही संख्या घेऊन पाहा. लाल बारा लागतात, बारा आहेत. जांभळ्या सहा लागतात, सहा आहेत. गडद हिरव्या चार लागतात, चार आहेत. फिकट हिरव्या आठ आणि तपकिरी तीन सहज मिळतात. फक्त पांढऱ्या दोन कमी पडतात. म्हणजे २४ पर्यंत काम जेमतेम निभते, पण वर मांडायची दिलेली संख्याच दोन नारिंगी आणि एक जांभळी अशी मांडली तर जांभळ्यांच्या गाडीला एक कांडी कमी पडते. यावर साधा इलाज असा की दिलेली संख्या कांड्यांनी मांडूच नये. कांडी सेंटिमीटरच्या मापाची असल्यामुळे ३० सेंमीची साधी मोजपट्टी खाली ठेवली आणि २४ वर खूण केली की काम भागते. मोजपट्टीच्या कडेला सरळ रेषाही मिळते, त्यामुळे गाडी वाकडी होत नाही.

२४ च्या पुढे मात्र हा संच हात टेकतो. ३६ घेतले तर निळ्या चार कांड्यांची एकच गाडी पूर्ण होते. लाल अठरा हव्यात, बारा आहेत; फिकट हिरव्या बारा हव्यात, दहा आहेत; जांभळ्या नऊ हव्यात, सहा आहेत; गडद हिरव्या सहा हव्यात, चार आहेत. एकाच रंगाचे चौरस करू पाहणाऱ्याची तर २५ लाच निराशा होते, कारण पिवळ्या पाच लागतात आणि डब्यात चारच असतात. ३६ ही विभाजकांच्या दृष्टीने किती संपन्न संख्या आहे हे लक्षात घेता, तिथे साधन तोकडे पडणे ही मोठी उणीव आहे. दोन लहान संच एकत्र केले तर ३६ चे सगळे काम होते आणि ४८ चेही पांढऱ्या कांड्या वगळता बरोबर पुरते. म्हणून विभाजकांसाठी घ्यायचे असेल तर एक संच घेऊन हळहळण्यापेक्षा दोन घ्यावेत, किंवा वर्गासाठी म्हणून मिळणारा मोठा संच पाहावा आणि घेण्यापूर्वी खोक्यावरील एकूण आकड्याऐवजी रंगवार संख्या वाचावी.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे मापांचा नेमकेपणा. एका कांडीत ०.२ मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण बारा लाल कांड्या ओळीने लावल्या की तो २.४ मिमी होतो, म्हणजे पांढऱ्या कांडीच्या जवळजवळ चतुर्थांश. मग गाडी जुळली की नाही याबद्दल मूल साशंक होते, आणि ज्या साधनाचे सारे बळ ‘बरोबर बसते किंवा बसत नाही’ या निर्णयात आहे त्याच्याकडून अशी संदिग्धता खपवून घेण्यासारखी नाही. खोके उघडताच दहा पांढऱ्या, पाच लाल आणि दोन पिवळ्या यांच्या गाड्या एका नारिंगी कांडीशेजारी लावून पाहाव्यात. टोके एका रेषेत आली नाहीत तर संच परत करावा. मी पाहिलेल्या एका लाकडी संचात रंगाचा थर जाड असल्यामुळे लहान कांड्यांच्या गाड्या सातत्याने लांब भरत होत्या, तर प्लॅस्टिकच्या संचात मापे चोख होती, पण कांड्या हलक्या आणि गुळगुळीत असल्याने आयत मांडताना घसरत होत्या. लाकडाचा स्पर्श आणि वजन मला अधिक आवडते, तरी केवळ या कामासाठी निवड करायची झाली तर मी नेमक्या मापाचे प्लॅस्टिक निवडेन आणि खाली एखादा जाड कापडाचा तुकडा अंथरेन.

रंगांच्या योजनेचे कौतुक सगळेच करतात आणि ते काही अंशी योग्यही आहे. २, ४, ८ या कांड्या लाल, जांभळ्या, तपकिरी अशा लालसर घराण्यातल्या आहेत. ३, ६, ९ हिरव्या-निळ्या घराण्यातल्या. ५ आणि १० पिवळ्या-नारिंगी. आणि ७ एकटी काळी. पटीचे नाते रंगात उतरवण्याची ही कल्पना चतुर आहे. तरीही विभाजकांच्या दृष्टीने ती अर्धसत्य सांगते. गडद हिरवा रंग ६ चे ३ शी नाते सांगतो, पण २ सुद्धा ६ चा विभाजक आहे याची रंगात खूणही नाही. तीच गत १० ची : तो ५ च्या घरात गेला आणि २ शी असलेले नाते लपले. एका संख्येला दोन घराण्यांत ठेवणे रंगाला जमत नाही, आणि विभाजकांचा विषय तर एक संख्या किती घराण्यांत असते हाच आहे. म्हणून रंगांची घराणी मुलांना आधीच सांगू नयेत, गाड्या लावून झाल्यावर ती त्यांना तपासायला द्यावीत. लाल, तपकिरी आणि गडद हिरवा यांत फरक करणे ज्या मुलांना जड जाते त्यांच्यासाठी लांबीचा आधार असतोच, पण खोक्यातून हवी ती कांडी शोधताना त्यांचा वेळ जातो, तेव्हा कांड्या लांबीनुसार वेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या बऱ्या.

मसावि (महत्तम सामाईक विभाजक) आणि लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) हे विषय पुढच्या इयत्तांचे असले तरी कांड्या त्यांना सहज पोचतात. जांभळ्या आणि गडद हिरव्या गाड्या एकाच रेषेपासून सुरू केल्या की त्यांची टोके प्रथम १२ वर जुळतात आणि पुन्हा २४ वर. १२ आणि १८ या दोन्ही लांबीच्या गाड्या ज्या सर्वांत लांब एकरंगी कांडीने करता येतात ती गडद हिरवी, म्हणजे ६. मोठ्या लांबीतून लहान लांबी वजा करत जाण्याची युक्लिडची रीतही येथे शब्दशः करता येते : १८ मधून १२ काढले, उरले ६, १२ मधून ६ काढले, उरले ६, दोन्ही सारखे झाले, थांबा.

मोठ्या संख्यांसाठी गॅटेग्नो यांनी रुळवलेली मनोऱ्याची रीत आहे आणि कांड्यांच्या तुटवड्यावर तोच खरा उतारा आहे. एक कांडी दुसरीवर आडवी ठेवली की त्या फुलीचा अर्थ दोघींचा गुणाकार, असा संकेत ठरवायचा. जांभळी, तिच्यावर फिकट हिरवी आणि तिच्यावर पिवळी असा मनोरा म्हणजे ४ × ३ × ५, अर्थात ६०. जांभळीच्या जागी दोन लाल कांड्या ठेवल्या की ६० चे मूळ अवयव २, २, ३ आणि ५ हाती येतात. आता या चार कांड्यांतून काही निवडायच्या आणि त्यांचा गुणाकार करायचा : एक लाल आणि फिकट हिरवी घेतली तर ६, दोन्ही लाल आणि पिवळी घेतली तर २०, एकही घेतली नाही तर १. प्रत्येक निवड एक विभाजक देते आणि उरलेल्या कांड्या त्याचा जोडीदार. लाल कांड्या शून्य, एक किंवा दोन घेता येतात, फिकट हिरवी आणि पिवळी घ्यायची किंवा सोडायची, म्हणून तीन गुणिले दोन गुणिले दोन असे बारा विभाजक. ६० पेक्षा लहान कोणत्याही संख्येला इतके विभाजक नाहीत. चार कांड्यांत एवढे काम होते. पण हा मनोरा साठ वस्तू दाखवत नाही, तो साठचे चिन्ह आहे, आणि ज्या मुलाने आयत पुरेसे केलेले नाहीत त्याला तीच मांडणी २, २, ३, ५ यांची बेरीज वाटण्याचा संभव मोठा आहे. आयतांच्या आधी मनोरा काढू नये.

संगणकाच्या किंवा फोनच्या पडद्यावर चालणाऱ्या कांड्याही आता मिळतात. तिथे कांड्या संपत नाहीत, ३६ असो वा ९६, हव्या तेवढ्या गाड्या लावता येतात, हा त्यांचा निर्विवाद फायदा आहे. मात्र अनेकदा कांडी जवळ नेली की ती आपोआप जागी चिकटते, आणि जुळते की नाही हे पाहण्याचे मुलाचे काम यंत्रच करून टाकते. दोन-चार संख्यांचा अनुभव हातांनी घेतल्यानंतर पडद्याकडे वळावे. सुट्या चौकोनी फरश्यांचा पर्याय याहून गंभीरपणे विचारात घेण्यासारखा आहे. फरश्या वाटताही येतात आणि त्यांचे आयतही होतात, त्यामुळे ज्या मुलाला अजून वाटणीचाच अर्थ पक्का कळलेला नाही त्याच्यासाठी त्या कांड्यांपेक्षा सरस आहेत. त्यांचा तोटा एवढाच की प्रत्येक रांग पुन्हा पुन्हा मोजावी लागते आणि पाढे येणाऱ्या मुलाला त्याचा कंटाळा येतो. पाढ्यांची सुरुवात झालेल्या मुलासाठी मी कांड्या घेईन, त्याआधीच्यासाठी फरश्या.

विभाज्यतेच्या कसोट्या वापरू लागलेल्या मुलांसाठी हा संच नव्याने घेण्यात अर्थ नाही. ९१ ला ७ ने भाग जातो का, हे पाहायला तेरा काळ्या कांड्या लागतील आणि दोन लहान संच मिळून आठच भरतात. तिथे ९१ वस्तूंमधून आधी ७० वाटून टाकाव्यात, सात जणांना दहा-दहा. उरलेल्या २१ पुन्हा त्याच सात जणांना तीन-तीन द्याव्यात, आणि ७ चा जोडीदार १३ कागदावर लिहून घ्यावा.